महाराजांची सक्त हरकत

सोमवारी दुपारी एक वाजून सतरा मिनिटांनी बकुळीचा डोळा लागला, आणि एक अठराला कुणीतरी तिच्या झोळीखाली खुंटी ठोकली. ठक्! ठक्! ठक्!

बकुळी तर उठलीच, पण तिच्यासकट करंजाच्या राईत टांगलेल्या बावीस झोळ्यांतली बावीस पोरं एकदम रडायला लागली. गावच्या बाया शेतात खुरपायच्या तेव्हा तान्ही पोरं याच सावलीत निजायची. सगळ्या झोळ्यांना मिळून दोरी एकच. पोरं सांभाळणाऱ्या ठकूआजीनं ती ओढली की बावीसच्या बावीस एका झोक्यात हलायची.

बकुळीची आई चांगुणा खुरपं टाकून धावत आली. "अहो दादा, जरा हळू! आजीनं दीड तास थोपटलं तेव्हा कुठं निजली होती!"

"बाई, इथनं महाराजांची आगगाडी जाणार," मोजणीदार म्हणाला. "ही झाडं तुटणार."

"अन् आम्हाला विचारलं कुणी?"

"विचारलं की! हरकती मागवल्या होत्या. पंधरा दिवस नोटीस लागली होती."

"कुठं?"

"राजवाड्यात. हत्तीखान्याच्या भिंतीवर, हत्तीच्या मागं."

चांगुणानं हलणाऱ्या झोळ्यांकडं पाहिलं. रांगती पोरं, उघडं रान, इंजिनाच्या ठिणग्या, आणि निजायला सावली नाही! तिनं बकुळीला काखेत मारलं आणि तडक खडकवेलचा राजवाडा गाठला.

भूपालराव महाराज पहिल्या नंबरचे हट्टी. नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी स्वतः रेघ ओढली होती. ती आता ब्रह्मदेवाच्या बापाच्यानंही हलणार नव्हती.

"सरकार, राईला तेवढा वळसा घाला," चांगुणा म्हणाली. "पलीकडं नुसता माळ पडलाय."

"मुदत संपली!" महाराज गरजले. "आता एकाच माणसाची हरकत चालेल. माझी! महिनाभरात माझ्या तोंडून हरकत वदवून घे, गाडी माळावरून नेतो. नाहीतर झाडं तुटली म्हणून समज!"

दिवाण धोंडोपंत मिशीत हसले. "स्वतःच्याच कामाला हरकत घ्यायला महाराज काय खुळे आहेत? जा बाई, पोराला दूध पाज."

"पोर नाही, पोरगी आहे," चांगुणा म्हणाली. "आणि पाजूनच आलेय!"

घरी जाऊन ती रडत बसली का? छे! लेकीला मांडीवर घेऊन तिनं एक कागद लिहिला, गोठ्यात नेऊन म्हशीच्या मागं चिकटवला, आणि खुशाल खुरपायला गेली.

"अगं, दिवस चाललेत की!" ठकूआजीच्या जिवाला घोर लागला.

"चालू द्या, आजी. मुदत पुरी व्हायला पाहिजे."

सोळाव्या दिवशी दुपारी बावीस बाया, बावीस पोरं, बावीस झोळ्या आणि ठकूआजी राजवाड्याच्या दारात हजर! पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. चांगुणानं कागद त्याच्या नाकासमोर धरला. "नोटीस आहे!"

त्याला कुठलं वाचता येतंय! पण नोटीस म्हटल्यावर भाला आपोआप उभा झाला.

महाराजांचं वामकुक्षीचं दालन थंडगार होतं. बायांनी खांबाखांबाला दोऱ्या बांधून झोळ्या टांगल्या, एक तर थेट पलंगावर. पोरं गाढ निजली. तेवढ्यात धोंडोपंत धावत आले. "अगं, हे काय चाललंय?"

"शूऽऽ! ही दोरी धरा, पंत. आजीचा हात भरून आलाय. थांबलात तर बावीसच्या बावीस उठतील!"

पंतांनी घाबरून दोरी धरली आणि ओढत राहिले.

जेवून, विडा चघळत, जांभई देत महाराज आले. बघतात तो काय, पलंगावर झोळी हलतेय आणि झोळीतून उशीवर टप, टप, टप!

"माझ्या निजायच्या जागेत!" महाराज ओरडले. "मला न विचारता! माझी हरकत आहे! सक्त हरकत आहे!"

झालं! बावीस पोरांनी गळा काढला.

"विचारलं की, सरकार!" चांगुणा म्हणाली. "तुमच्या दालनात झोळ्या बांधणार अशी पंधरा दिवस नोटीस होती. कुणाचीच हरकत आली नाही."

"कुठं लावली होतीस?"

"माझ्या गोठ्यात. म्हशीच्या मागं."

"म्हशीच्या मागं? तिथं कोण मरायला वाचणार? विचारायचं तर समोर येऊन विचारावं!"

"तुमची तर हत्तीच्या मागं होती, सरकार! म्हैस निदान एका लाथेवर भागवते!" चांगुणा पंतांकडं वळली. "पंत, लिहून घ्या. निजायच्या जागेत न विचारता घुसायला खुद्द महाराजांची सक्त हरकत. त्यांच्याच तोंडून!"

"लिहू कसं?" पंत रडवेले झाले. "दोन्ही हात दोरीत आहेत!"

महाराजांनी दोरीला जुंपलेल्या पंतांकडं पाहिलं. मग असे खो खो हसत सुटले की पोरंसुद्धा रडायची थांबून टकामका बघायला लागली. "द्या ती दोरी इकडं, पंत! मी ओढतो. तुम्ही लिहा!"

गाडी माळावरून गेली. करंजाची राई गावच्या तान्ह्या पोरांना इनाम मिळाली, चांगुणाच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. आणि हरकत लिहून झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दवंडीवाला हलगी काखेत धरून, चवड्यांवर चालत, दारोदार कुजबुजत गेला:

"ऐका हो ऐका! पुढच्या रुळांची सुनावणी गुरुवारी सकाळी नऊ वाजता गावच्या पारावर आहे. महाराज स्वतः ऐकायला येणार. पोरं निजलीत म्हणून हलगी वाजवत नाही. तेव्हा ज्यानं ऐकलं त्यानं शेजारच्या घरी सांगावं. पण हळू!"