हैबती हवालदाराची वेणी

वाघजवाडीखालच्या नदीवर पूल नव्हता, पलीकडं जायचं तर नावेतनंच जावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. सांगणारे गेले, त्यांना सांगणारेही गेले. गोष्ट तेवढी राहिली.

त्या वेळी गावातला हैबती मोरे पलटणीत भरती झाला आणि समुद्र ओलांडून बसऱ्याच्या लढाईवर गेला. तिकडं तो हवालदार झाला, आणि तिकडंच त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला. कसा तुटला ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिथं विसरून आलो."

तो परत आला तेव्हा तापाची साथ गावातून जाऊन दोन महिने झाले होते, आणि जाताना त्याच्या बायकोला, पारूला, घेऊन गेली होती. घरात चार वर्षांची लेक होती, ठकू, शेजारणींनी सांभाळलेली. ती बापाला ओळखत नव्हती. आई गेल्यापासून तिनं डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. केसांच्या जटा झाल्या होत्या.

घट बसले त्या दिवशी हैबतीची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्काच म्हणत. पोरीकडं बघून ती म्हणाली, "हैबती, हिचं डोकं भादरून टाकू, आणि मी नेते हिला. पोरीची जात. एका हाताचा गडी तू, तिचं न्हाणं-माखणं कसं करशील?"

"दसऱ्याला ये आक्का."

"दसऱ्यापर्यंत काय हात उगवणार आहे तुला?"

"नाही उगवायचा. पण पोरीची वेणी घातलेली दिसली नाही, तर घेऊन जा."

आक्का गेली. हैबतीनं घायपाताचा वाख, दोर वळायचा राठ धागा, आणला, त्याची जुडी खुंटीला बांधली आणि तिचे तीन पेड केले. एक पेड दातात धरला, एक उजव्या कोपराच्या बेचक्यात, एक डाव्या हातात. मग पलटणीत कवायत करावी तसं पुटपुटत एकेक पेड फिरवायला लागला. लेफ्ट, राइट. लेफ्ट, राइट. पेड सुटायचे. तो पुन्हा धरायचा. सात दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही, असं म्हणतात. वाखानं त्याचे ओठ सोलून निघाले.

ठकू उंबऱ्यात बसून बघायची. आठव्या दिवशी ती जवळ आली आणि म्हणाली, "आबा, दातातला सुटला."

"सुटतोय खरा."

तिनं तो पेड उचलून त्याच्या दातात दिला. मग जरा वेळ उभी राहिली, आणि त्याच्याकडं पाठ करून खाली बसली.

सारा दिवस तो तेल लावून एकेक जट सोडवत होता. दसऱ्याच्या सकाळी त्यानं वेणी घातली. टोकाला दोरा बांधला आणि पोरीला विचारलं, "दुखत नाही ना? बरं असलं तर हाल्ट म्हण. म्हणजे मी सोडतो."

"हाल्ट," ठकू म्हणाली. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

आक्का आली. तिनं वेणी हातात घेऊन ओढून बघितली, दोनदा. "वाकडी आहे," ती म्हणाली.

"असू दे. घट्ट आहे."

आक्कानं भावाच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि एकटीच परत गेली.

मग रोज सकाळी हवालदाराच्या ओट्यावर वेणी व्हायची. चावडीवरचे लोक हसायचे. एकदा एक जण म्हणाला, "हवालदार, वेणी घालताच आहात, तर बांगड्याही भरा."

"भरल्या असत्या," हैबती म्हणाला. "पण एकाच हातात किती भरू?"

आणि त्यानं पुढचा पेड दातात धरला.

फणीला येणारं गुंतवळ तो टाकत नसे. सुया-बिब्बे विकणारी बाई दारात आली की म्हणायची, "गुंतवळ द्या, दहा सुया घ्या." हा नाही म्हणायचा. ते केस तो वाखात मिसळायचा आणि रोज चार बोटं दोर विणायचा, वेणीसारखाच तिपेडी. कशाला विणतो हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोरीचं काही टाकवत नव्हतं, इतकंच. असा तेरा वर्षं विणला.

ठकूचं लगीन नदीपलीकडं झालं. पहिल्या बाळंतपणाला ती भादव्यात माहेरी निघाली. नाव मध्यावर आली आणि वरून पाण्याचा लोंढा आला. नावाड्याचं वल्हं मोडलं, नाव पाण्यातल्या खडकाला जाऊन अडकली. आत सात माणसं, त्यात ही दिवस भरलेली. काठावरून लोकांनी मोटेचे नाडे टाकले. एक तुटला, दुसराही तुटला.

हैबती घरी गेला आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आला. काठाकाठानं वर चालत गेला, दोराच्या टोकाला सुका भोपळा बांधला आणि पाण्यात सोडला. भोपळा वाटेत कुठंही न अडता थेट नावेला लागला, असं म्हणतात. ठकूनंच तो धरला. दोर हाताला लागताच तिनं ओळखला आणि नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बांधला.

इकडं काठाला दोर चार हात कमी पडला. मग हैबती छातीभर पाण्यात उतरला. दोराचं टोक दातात धरलं, मागचा भाग कोपराच्या बेचक्यात, त्यामागचा डाव्या हातात. गावानं त्याला कमरेला धरलं. पण सगळ्यांनी एका वेळी ओढायला हवं, आणि त्याला तर बोलता येईना. तेव्हा नावेतून ठकू ओरडली, "लेफ्ट! राइट!" लोक त्या तालावर ओढू लागले. नाव खडकावरून सुटली. नदी तेवढा वेळ खाली बसली असं कुणी म्हणतं, दोर लांब झाला असंही कुणी म्हणतं. वेणी सुटली नाही एवढं सगळेच म्हणतात.

नाव काठाला लागली. लोकांनी सांगितलं, हवालदार, सोडा आता. त्यानं सोडला नाही. ठकू खाली उतरली, त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "आबा, हाल्ट." तेव्हा त्यानं तोंड उघडलं. दोन दात दोरातच राहिले. त्याच संध्याकाळी ठकूला मुलगा झाला.

हैबती नव्वदीच्या पुढं जगला. ठकूचेही केस पांढरे झाले, तरी माहेरी आली की ती त्याच्यासमोर पाठ करून बसायची. शेवटच्या दिवशी त्यानं वेणी घातली आणि टोक धरूनच बसला. बराच वेळ झाला. ठकूनं मागं न बघता हळूच सांगितलं, "हाल्ट, आबा." मग हात सुटला.

तो दोर अजून भैरोबाच्या देवळात आहे. आणि वाघजवाडीत आजही लग्नाच्या सकाळी पोरीची वेणी बाप घालतो. त्याचा उजवा हात उपरण्यानं पाठीमागं बांधतात. वेणी वाकडीच होते, तिला कुणी नाव ठेवत नाही. टोक बांधून झालं की बाप ते धरून बसतो, आणि पोर हाल्ट म्हणेपर्यंत सोडत नाही. काही पोरी लगेच म्हणतात. काही बसून राहतात. मांडवात वऱ्हाड खोळंबतं, भटजी दोनदा निरोप धाडतात, पण त्या पोरीला घाई कर असं गावात कुणी म्हणत नाही.