गाळपडद्याच्या मागची नळी

यंत्रं बोलायची, तेव्हाची गोष्ट. न चिकटणाऱ्या तव्यांच्या कारखान्याने ओढ्यात न कुजणारं, न विरणारं विष सोडलं आणि ते गावाच्या विहिरीत झिरपलं. गावाने विहिरीचं पाणी गाळायला यंत्र बसवलं. त्यातला गाळपडदा विषाचा कणही पुढे जाऊ देत नसे, आणि पंप त्याची दवंडी पिटत असे.

एक दिवस पोटाशी पिल्लं धरून खेकडीण आली. "पडदेदादा, अडवलेलं विष ठेवता कुठे?"

"मागच्या नळीने जातं बाहेर."

"ती नळी माझ्या बिळाशी सुटते. निम्मी पिल्लं गेली, उरलेली हलत नाहीत."

पंप खेकसला, "गावाने पाणी प्यावं की तुझी पिल्लं सांभाळावीत? चल, नीघ!"

पडद्याने मात्र पुढची नि मागची, दोन्ही वाटा अडवून धरल्या. दाबाचा काटा चढू लागला.

"सोड, फाटशील!" पंप ओरडला.

"फाटेन. पण असं गाळणार नाही."

नळ कोरडे पडले. गाव शिव्या देत धावलं आणि वाट दाखवणाऱ्या खेकडिणीमागून नळीच्या टोकाशी पोचलं. तिथून वीस पावलांवर, उताराला, गावाचीच विहीर होती.

पाण्याला आलेल्या भिवराबाईने डोक्यावरची चुंबळ काढून नळीच्या तोंडात कोंबली आणि सरपंचांना म्हणाली, "आधी ह्या विषाची सोय लावा, मग माझा हंडा भरा."