जिथे पापण्या होत्या

"पण चाचा, रेघ जाड केल्याशिवाय पापण्या दाट दिसणार कशा?"

केतकी शिरगुप्पेच्या आवाजात थोडी घुश्शाची धार होती. पुण्याहून मेकअपचा कोर्स करून ती मिरजेत परतली होती. दहा मिनिटांत नवरीचे डोळे बोलके करते, असं तिच्याबद्दल बोललं जायचं आणि ते तिला ठाऊक होतं.

रहिमतुल्ला मुजावर यांनी नुसती मान हलवली. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी नाटक कंपन्यांमधून माणसांचे चेहरे रंगवले होते. आता हात थरथरायचा, म्हणून ब्रश धरत नसत. शिकणाऱ्याच्या, सध्या केतकीच्या, शेजारी बसत.

समोरच्या खुर्चीत सुमित्राबाई हेरवाडे होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. सहा महिने कॅन्सरचे उपचार चालले, त्यात पापण्यांचे केस गळून गेले. आता थोडे परत आले होते. विरळ, आखूड, इथे एक, तिथे एक.

"उद्या आईकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. डोक्याला विग आहे, पण डोळे..."

केतकीनं आयलायनर उघडलं आणि एका दमात रेघ ओढली. काळीभोर, कडेला किंचित वर वळलेली. मग दुसऱ्या डोळ्यावर तशीच.

सुमित्राबाईंनी आरशात पाहिलं. बराच वेळ.

"छान आहे गं... पण ही कोण?"

चाचांनी कापसाचा बोळा तेलात बुडवून केतकीसमोर धरला.

"पूस."

"चाचा, रेघ कुठे वाकडी आहे?"

"पूस."

तिनं पुसलं. तिचे कान लाल झाले होते.

"आता पेन्सिल घे. काळी नको, तपकिरी. रेघ ओढायची नाही. केसांच्या मुळाशी ठिपके द्यायचे, केसाकेसाच्या मधे."

"पण केसच नाहीत चाचा! ठिपके देऊ कुठे?"

"जिथे होते तिथे."

केतकीनं अंगठ्यानं पापणी हलकेच वर उचलली आणि वाकली. आधी तिला काहीच दिसेना. नुसती सुजरी, गुलाबी कड. हळूहळू बारीक छिद्रं दिसू लागली, सुईच्या टोकाएवढी. प्रत्येक छिद्रातून एकेकाळी एक केस उगवलेला.

तिनं पहिला ठिपका दिला. सुमित्राबाईंच्या डोळ्यातून पाणी आलं.

"थांब," चाचा म्हणाले.

ती थांबली. पाणी टिपलं. दुसरा ठिपका. पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. बाहेरच्या कडेला ठिपके दाट, नाकाकडे येताना विरळ. मग कोरड्या ब्रशानं ते इतके हलकेच दाबले की ठिपक्यांच्या खुणा मुळांत मिसळून गेल्या. खालच्या पापणीला तिनं हातच लावला नाही.

तास उलटून गेला.

डोळ्यांना काही केलंय असं वाटतच नव्हतं.

सुमित्राबाईंनी आरसा हातात घेतला. ओठ घट्ट मिटले. मग पर्स उचलली आणि "येते" एवढंच म्हणून गेल्या. रात्रीत ते पुसलं जाणार म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे केतकी न बोलावता त्यांच्या घरी गेली आणि पुन्हा सगळे ठिपके देऊन आली.

आठ दिवसांनी दुपारी त्या परत आल्या. डोळ्यांवर काही नव्हतं.

"काय झालं, बाई?" केतकीनं घाईनं विचारलं. "आईंना कळलं नाही ना?"

"दारातच हनुवटी धरली तिनं. उजेडाकडे वळवून बघितलं. म्हणाली, कुणी गं पापण्या एवढ्या जपून भरल्यात?"

"मग?"

"मग काय... खरं सांगितलं. रात्रभर माझा हात सोडला नाही तिनं."

केतकीचा चेहरा पडला. "म्हणजे कळलंच. माझं कुठे चुकलं, चाचा?"

चाचा सुमित्राबाईंकडे पाहत होते.

"काल रिपोर्ट आला," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात नकाशा समजावावा तसा सरळ होता. "परत वाढलाय. सोमवारपासून औषधं सुरू. आलेत तेवढेही जातील आता."

केतकीनं पटकन डबा उघडला. पेन्सिल काढली, टोक करायला घेतलं.

"बसा बाई, मी लगेच..."

"नको गं," सुमित्राबाई म्हणाल्या. "आज काही करायला नाही आले. घरी एकटीला बसवेना."

पेन्सिल केतकीच्या हातातच राहिली. पंखा फिरत होता. सुमित्राबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"चाचा..." केतकी हळूच म्हणाली. "मग मी आता काय करू?"

"खुर्ची जवळ ओढ."