फाटकाबाहेरचा फोन

"पण माई, पासवर्ड त्याला कळलाच कसा?"

मगदूम आल्यापासून एवढंच विचारत होते. हातातला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

माई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"चोराला!"

कागलच्या पुढं माळावर आमचा मठ आहे. माई त्याच्या मुख्य. वय विचारलं तर 'मोजलं नाही' म्हणतात. मी तिथं स्वयंपाक बघतो आणि नको तिथं तोंड घालतो. मठात वायफाय आहे म्हटल्यावर लोक डोळे विस्फारतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही. मठात फ्रिजही आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

रावसाहेब मगदूम कोल्हापूरचे. विमा कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. माईंना गुरू मानायचे, आणि माईंनी सांगितलेलं काही म्हणता काही ऐकायचे नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा, हर्षद, दिवाळीत भांडून घर सोडून गेला होता. तेव्हापासून शैलजावहिनींनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. एकदा एकट्याच येऊन माईंजवळ पोटभर रडल्या. पोरगं परत यावं, एवढंच त्या मागत होत्या.

मगदूम आले की मात्र वायफायवर बोलायचे.

"घरच्यांचे फोन मी नावानिशी नोंदवलेत, माई. दुसरा कुठलाही फोन आमच्या वायफायला जोडला गेला की माझ्या मोबाईलवर टिंग वाजतं. अनोळखी, म्हणून येतं."

"कधी वाजतं?"

"शनिवारी संध्याकाळी. दर शनिवारी! हिंमत बघा."

"आणि नेतो काय?"

"काही नाही. जोडला जातो, थोडा वेळ थांबतो, निघून जातो. वापरत काहीच नाही."

"चोर येतो, काही नेत नाही, आणि जातो."

"तेच तर संशयास्पद आहे, माई!"

मला हसू आवरेना. भाकरीचं पीठ बघायचं निमित्त करून मी आत जाऊन आलो.

"फाटकावर कॅमेरा आहे," मगदूम सांगत होते. "शेजाऱ्यांचं मांजर गेलं तरी दिसतं. हा दिसत नाही. कॅमेऱ्याची नजर जिथं संपते ना, बरोबर त्याच्या पलीकडं उभा राहतो. लबाड!"

"नजर कुठं संपते ते त्याला ठाऊक आहे म्हणजे."

"असणारच. पाळत ठेवली असणार."

माईंनी एक शेंग फोडली. पोचट निघाली. त्यांनी ती बाजूला टाकली.

"मग?"

"मग काय, मी पासवर्ड बदलला. असा ठेवलाय की मलाच आठवत नाही. शिवाय वायफायचं नाव लपवलं. आता रस्त्यावरून कुणी फोन उघडला तर त्याला आमचं घर दिसणारच नाही."

"घर दिसणार नाही?"

"म्हणजे नाव, माई. घराचं नाव. गेल्या शनिवारी टिंग वाजलं नाही."

एवढं बोलून ते निवडणूक जिंकल्यासारखे आमच्याकडं बघू लागले.

"जुना पासवर्ड काय होता?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"अहो, आता बदललाय ना?"

"तरीपण."

घ्या! या माणसाशी काय बोलायचं?

मग त्यांची नजर दाराजवळच्या फळ्याकडं गेली. आमच्या मठाचा पासवर्ड तिथं खडूनं लिहिलेला असतो. 'जेवलास का', इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. मगदुमांनी कपाळाला हात लावला.

"माई, हे पुसून टाका. हात जोडतो. रस्त्यावरचा कुणीही येऊन वापरेल."

"वापरतात."

"कोण?"

"मेंढरंवाले. परवा एकानं सांगलीला बायकोला बाळ झालेलं बघितलं. इथं उभ्यानं, फोनवर."

"उद्या कुणी गैरवापर केला म्हणजे? पोलीस तुमच्या दारात येतील."

"खरं आहे," माई म्हणाल्या.

त्यांनी वाद घातला नाही. मगदूम म्हणत होते त्यात चूक काहीच नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मला राग आला. फळ्यावरची अक्षरं माझी आहेत.

मगदुमांनी पिशवीतून लॅपटॉप काढला.

"वायफाय राहू द्या. हा ब्राउझर बघा. मठाच्या कॉम्प्युटरवर असाच बसवून देतो."

ब्राउझर त्यांनी सजवला होता खरा. काळं पान, मोठी अक्षरं. जाहिरात नाही, मध्येच काही उसळून वर येत नाही. उघडलं की थेट कोल्हापूरच्या बातम्या आणि कार्यक्रम.

"आणि ही खरी गंमत. इथं आपल्याला नको असलेले शब्द लिहून ठेवायचे. तो शब्द ज्या बातमीत असेल ती बातमी दिसतच नाही. कोपऱ्यात नुसता आकडा येतो, किती अडवल्या त्याचा."

"काय अडवलं?"

"ते कसं दिसेल, माई? अडवलंय ना."

"म्हणजे तुलाही कळत नाही."

"नाही ना! तीच तर सोय आहे."

"कुठले शब्द घातलेस?" माईंनी विचारलं.

"लॉटरी. घटस्फोट. नट्यांची लग्नं. भविष्य…"

ते थांबले. यादी तिथं संपली नव्हती. मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो. शेवटचा शब्द मी वाचला.

पोराचं नाव होतं.

मी माईंकडं बघितलं. त्यांना चष्म्याशिवाय पडद्यावरचं काही दिसत नाही. पण त्या मगदुमांच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि तिथं सगळं दिसत होतं.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. मी ताटं मांडली. आमच्याकडं पहिला घास घेण्याआधी एक काम असतं आणि ते माई कुणाला करू देत नाहीत. त्या उठल्या, गुडघा धरत फाटकापर्यंत गेल्या. साखळी काढली. माळाकडं तोंड करून खणखणीत हाक मारली.

"जेवायचं कुणी राहिलंय का हो?"

माळावर कुणी नव्हतं. लांब एक टेम्पो धूळ उडवत चालला होता. माई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग परत आल्या.

"कुणी नव्हतंच की, माई," मगदूम म्हणाले.

"दिसत नव्हतं."

"मग हाक कुणाला मारली?"

"जो दिसत नव्हता त्याला."

मगदूम हसले. शहाणा माणूस म्हाताऱ्या माणसाला हसतो तसं, थोडं सांभाळून.

"रावसाहेब," माई पानावर बसता बसता म्हणाल्या, "ते शेवटचं नाव काढ."

"कुठलं?"

माईंनी भाकरीचं टोपलं त्यांच्याकडं सरकवलं.

"माई, तुम्हाला माहीत नाही त्यानं काय केलं." मगदुमांचा आवाज एकदम चढला. "इंजिनियरिंग सोडलं, तेही गिळलं मी. स्टेजवर उभा राहून विनोद सांगतो म्हणे! तेही गिळलं. पण भर कार्यक्रमात बापाचं हसं केलं हो. तो व्हिडिओ सगळ्या कॉलनीनं बघितला. माणसं मला बघून तोंड फिरवून हसायची."

"काय बोलला?"

मगदूम पानातलं मीठ बोटानं सारखं करत बसले.

"सांग की."

"म्हणाला, माझे बाबा दूधवाल्यालाही ओटीपी विचारतात."

माईंनी तोंडाला पदर लावला. उपयोग झाला नाही. त्या हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी तर ताक सांडलं.

"खरंच विचारतोस?"

"एकदाच विचारला होता." मगदूम ताठ होऊन म्हणाले. "नवीन होता तो दूधवाला."

मगदुमांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"मी त्याला सांगितलं, माझ्या घराची पायरी चढायची नाही. चढला नाही. एवढं बरोबर ऐकलं पोरानं. बाकी कधी ऐकलं नाही."

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग येत होता तो गेला. वाईट वाटलं. मी गपचूप त्यांच्या पानात ठेचा वाढला.

"नाव काढ," माई पुन्हा म्हणाल्या.

मगदुमांनी हात पुसला. लॅपटॉप जवळ ओढला. नाव खोडायला असा कितीसा वेळ लागतो, पण ते बराच वेळ लावत होते. शेवटी खोडलं. पान हललं आणि नव्यानं भरलं.

मध्येच एक चौकोन आला. पिवळ्या रंगावर हर्षदचा फोटो. दाढी वाढवलेली, हातात माइक. मी मोठ्यानं वाचलं, कारण मगदूम वाचत नव्हते.

"हर्षद मगदूम. हसायला या. आपल्या कोल्हापुरात, दर शनिवारी रात्री."

"कोल्हापुरात?" मगदूम म्हणाले. "तो तर पुण्यात…"

"दर शनिवारी," मी म्हणालो.

मला वाटतं, पहिल्यांदा त्यांना नुसता राग आला असावा, की पोरगा गावात येतो आणि आपल्याला पत्ता नाही. मग चेहरा हळूहळू बदलत गेला. ते पडद्याकडं बघत होते, पण बघत नव्हते.

"माई… तो कॅमेरा त्यानंच बसवला होता. वायफायही त्यानंच लावून दिलं. पासवर्ड त्यानंच ठेवलेला. शैलजाला लक्षात राहावा म्हणून तिच्या माहेरचं आडनाव." एवढा जपलेला जुना पासवर्ड त्यांनी सांगून टाकला आणि त्यांना ते कळलंही नाही. "त्याच्या फोनला तो पाठच असणार. घराजवळ आला की फोन आपोआप…"

"मग ते यंत्र अनोळखी का म्हणत होतं?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

मगदूम माझ्याकडं वळले.

"घरच्यांच्या फोनांतून त्याचं नाव मी काढून टाकलं होतं. दिवाळीत. रागाच्या भरात. मीच."

माई जेवत होत्या. सावकाश, एकेक घास.

"म्हणजे कार्यक्रमाआधी तो घरासमोर येऊन उभा राहायचा," मगदूम म्हणाले. "फाटकाच्या पलीकडं. आणि मी आत बसून चोर धरायच्या गोष्टी करत होतो. माई, गेल्या शनिवारीही तो आला असेल. फोन बघितला असेल त्यानं. घराचं नाव दिसलं नसेल. त्याला काय वाटलं असेल? बापानं हेही बंद केलं, असंच वाटलं असेल ना?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"आज वार काय?" मगदुमांनी एकदम विचारलं.

"शनिवार," मी म्हणालो.

मगदूम ताडकन उठले. खिशातला मोबाईल काढला. इथून, माळावरून, त्यांना कोल्हापुरातल्या घरचं वायफाय बदलता येत होतं. तसं त्यांनी कसलं कसलं जोडून ठेवलं होतं म्हणे. दोनदा चुकलं. स्वतःलाच शिवी हासडली आणि माईंसमोर जीभ चावली. मी ताट झाकून ठेवलं.

शेवटी त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खाली बसले. किती दिवसांनी त्या तोंडावर हसू दिसलं.

"झालं, माई. लपवलेलं नाव पुन्हा उघडं केलं. जुनाच पासवर्ड लावला. त्याचा फोन पुन्हा घरच्यांत घेतला, नावानं. आज संध्याकाळी तो फाटकाशी आला की काही करायला नको. आपोआप आत!"

माईंनी पान पुरं केलं. पाण्याचा घोट घेतला.

"फोन आत येईल, रावसाहेब. पोराला 'ये' कोण म्हणणार?"