घोडा ज्या दारी थांबला

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला नक्की सांगता येणार नाही. एका राज्यात दोन भाऊ गादीसाठी लढले आणि त्यांच्यापायी सारे राज्य आपसात लढले. थोरला जिंकला.

नदीच्या उतारावर त्याच्या एका स्वाराने धाकट्याची तुकडी उधळून लावली होती. राजाने भर दरबारात त्या स्वाराच्या घोड्याच्या पायात सोन्याचा तोडा घातला. तिथली रीतच तशी होती. मग मानकऱ्याने लगाम सैल सोडून गावोगाव फिरायचे. घोडा आपण होऊन ज्या दारी थांबेल, त्या घराने स्वाराला ओवाळायचे. ओवाळले नाही, तर मान गेला.

स्वाराला चैन पडेना. अर्ध्या घासावरून तो उठे, तबेल्यात जाई, परत येई. घोडा त्याचा नव्हताच. स्वतःचा घोडा पडल्यावर त्याने उतारावर मारलेल्या शत्रूचाच घोडा धरला होता.

फिरतीत त्याने लगाम आवळूनच धरला.

"अहो शिलेदार, सैल सोडा की!" सोबतचा भालदार म्हणाला. "चोरून आणल्यागत काय धरताय?"

सगळे हसले. स्वाराने ओशाळून हात ढिला केला.

धाकट्याच्या मुलखातल्या एका गावी घोड्याने कान टवकारले आणि तो थेट एका अंगणात जाऊन उभा राहिला. एक म्हातारी तबक घेऊन बाहेर आली. घोडा बघताच तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"पारव्या? तू रे कुठला इथं? आणि तुझा धनी?"

"आजीबाई, घोडा राजाचा आहे. ओवाळा आणि मोकळ्या व्हा," भालदार घाईने म्हणाला.

एवढ्यावर निभावले असते. पण स्वार खाली उतरला.

"आई, तुमचा लेक माझ्या हातून गेला. नदीच्या उतारावर."

"पळताना?" तिने विचारले. "गाव म्हणतं, पळाला. माझ्या दारचं पाणी कुणी पीत नाही."

"नाही. सगळे पळाले, तो एकटा मागं वळला. घाव छातीवर घेतला त्यानं."

कुंपणापाशी जमलेल्यांच्या माना खाली गेल्या.

म्हातारीने घोड्याला ओवाळले. मग स्वाराकडे बघून म्हणाली, "तुला नाही ओवाळणार मी."

स्वाराने लगाम तिच्या हाती दिला. भालदाराने तोडा काढून घेतला.

स्वार पायीच परतला. पुढे त्याला शांत झोप लागली, असे मी म्हणणार नाही. पण त्या गावातले लोक म्हातारीच्या दारी थांबून पाणी मागू लागले.

तात्पर्य: रणात जीव पणाला लावणाऱ्यापेक्षा, मिळालेला मान पणाला लावून खरे बोलणारा अधिक शूर.