इंजिनरावांनी सेन्सर बदलला

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका व्हॅनमध्ये इंजिनराव मोठ्या तोऱ्यात राहत. त्यांच्या कुशीला एक बारका सेन्सर बसवलेला होता. इंजिनात ठोके पडू लागले की ते ऐकून सांगायचं, एवढंच त्याचं काम.

एकदा घाट चढताना तो म्हणाला, "राव, आत ठोके पडतायत. जरा दमानं घ्या."

"ठोके कसले, तो आमचा रुबाब आहे," इंजिनराव गुरगुरले. भोंग्यानं लगेच री ओढली, "याचेच कान बिघडलेत."

मग रीतसर निरोप समारंभ झाला. तेलकट फडक्याची शाल पांघरून सेन्सरला भंगारात पोचवलं. नवा आला, त्याला हळदकुंकू वाहिलं. पहिल्याच चढावर तोही म्हणाला, "राव, ठोके पडतायत." त्यालाही शाल मिळाली.

अखेर त्या जागी रबराचं बूच बसवलं. ते काही बोलेना. इंजिनराव खूश झाले आणि दुप्पट जोरानं घाट चढू लागले. अर्ध्या वाटेत पिस्टन फुटला आणि सगळं थंडावलं.

व्हॅन दोरानं ओढून नेत होते, तेव्हा इंजिनराव भोंग्याला समाधानानं म्हणाले, "बघितलंस, बुचानं ठोके कसे बंद केले."