ठिपकीचा ओला दाणा

ठिपकी मुंगीकडे होता एक दाणा. ज्वारीचा. टपोरा. एकच एक!

तिने तो माठाखाली ठेवला. माठ पाझरला. टप टप टप! दाणा ओलाचिंब.

ओला दाणा कुजतो. मग ठिपकीने खायचं काय?

तिने दाणा पांढऱ्या पायरीवर वाळत घातला. वाट पाहिली. पुन्हा पाहिली. दाणा ओलाच!

सूर्य हसला. "अगं वेडे, पांढरी पायरी माझं ऊन परत फेकते. काळा दगड ऊन पितो. गटागटा! मग तो तापतो. पाण्याची वाफ होते. भुर्र!"

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु.

धुण्याच्या काळ्या दगडावर कोण? मांजर!

"मांजरताई, मांजरताई, ऊठ ना! दाणा माझा ओला."

"अहाहा, काय ऊब! नाही उठत जा. कोंबडीने कढई सोडली, तर उठेन."

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु.

पालथ्या काळ्या कढईवर कोंबडी!

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना! दाणा माझा ओला. मांजर हलेना दगडावरून."

"पक् पक्! नाही उठत जा. सरड्याने टायर सोडलं, तर उठेन."

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु.

जुन्या काळ्या टायरवर सरडा!

"सरडेदादा, सरडेदादा, ऊठ ना! दाणा माझा ओला. मांजर हलेना दगडावरून. कोंबडी हलेना कढईवरून."

सरड्याने मान हलवली. "नाही उठत जा. म्हैस उन्हात आली, तर तिच्या काळ्या पाठीवर बसेन."

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु.

झाडाच्या सावलीत म्हैस!

"म्हशीबाई, म्हशीबाई, उन्हात या ना! दाणा माझा ओला. मांजर हलेना दगडावरून. कोंबडी हलेना कढईवरून. सरडा हलेना टायरवरून."

"हम्मा! मी किती काळी, बघ तरी! उन्हात गेले की नुसती भाजते. अनसाकाकूने अंगावर पाणी ओतलं, तर येईन."

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. आता पाय दुखले हं!

अनसाकाकू बादली भरत होती.

"काकू, काकू, पाणी ओता ना! दाणा माझा ओला. मांजर हलेना दगडावरून. कोंबडी हलेना कढईवरून. सरडा हलेना टायरवरून. म्हैस येईना उन्हात."

"अगं बाई! सगळे मेले लोळतायत, आणि एवढीशी तू पळतेस? चल!"

काकूने बादली उचलली. छपाक!

म्हैस गारेगार. आली उन्हात, धप धप धप.

सरडा पाठीवर चढला, सुर्रर्र. "ई! ही तर ओली!"

"बस गप. वाळेन मी," म्हैस म्हणाली.

टायर मोकळं. कोंबडी टायरवर, पक्!

कढई मोकळी. मांजर कढईवर, टुण्!

काळा दगड मोकळा!

ठिपकीने दाणा आणून ठेवला. दगड गरम गरम. पाणी उडालं, भुर्र!

"ए ठिपके, झालं का?" मांजर ओरडलं. "ही कढई घसरते!"

"थांब ताई. एक कूस वाळली. दुसरी राहिली."

ठिपकीने दाणा उलटा केला. भुर्र! दाणा झाला खडखडीत.

"आता तरी झालं का?"

"दाण्याचं झालं, ताई," ठिपकी म्हणाली. "माझं राहिलंय!"

आणि दाणा उशाला घेऊन, सहाही पाय पसरून, ठिपकी दगडावर आडवी झाली.

अहाहा, काय ऊब!